शेतसारा कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी पेरणी करतो, रास करतो आणि जमिनीचा सारा भरतो. ही रीत फार जुनी आहे. परंतु त्या पैशाचा विनियोग कोणी ठरवावा, या प्रश्नाचे उत्तर १९४८ ते १९५२ या अवघ्या चार वर्षांत पालटले.

१९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्याचे त्या वेळचे उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. संस्थानात निजामाचे फर्मान हाच अंतिम कायदा असे. दिवाणी मुलखाचा वसूल सरकारी खजिन्यात जाई, जहागिरीचा जहागिरदाराकडे आणि ‘सर्फेखास’ मुलखाचा थेट निजामाच्या खासगी खजिन्यात. उस्मानाबाद जिल्ह्यातील बराच मुलूख सर्फेखास होता. तेथील रयतेच्या घामाचा पैसा राजाच्या खासगीत जमा होई. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार रयतेला नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फेखास मुलूख दिवाणीत सामील झाला आणि त्याच वर्षी जहागिरीही संपल्या. पुढे नोव्हेंबरमध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना संस्थानास मान्य केली. ज्याचा शब्द हाच कायदा, त्यानेच आपला शब्द कायद्याच्या आज्ञेत आणून ठेवला! हे त्याने केवळ स्वखुशीने केले, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली. निजाम आता राजा नव्हता. घटनेने नेमून दिलेल्या मर्यादेत वागणारा राजप्रमुख होता. घटनेचा २६५ वा अनुच्छेद अगदी लहान आहे. कायद्याचा आधार असल्याखेरीज कोणताही कर बसविता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, एवढेच तो सांगतो. राज्याच्या तिजोरीतील पैसा खर्च करण्यासही विधानसभेची संमती लागते. मंत्र्यांना दरवर्षी तिच्यापुढे अंदाजपत्रक मांडावे लागते.

ही विधानसभा निवडावी कोणी? एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाने, असे घटनेने ठरविले. (१९८९ पासून ही मर्यादा अठरा वर्षांवर आली.) जमीन किती, शिक्षण किती, हे कोणी विचारावयाचे नव्हते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी होती व तिच्यावर त्याचे चिन्ह होते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीही चिन्ह पाहून मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली. मार्च १९५२ मध्ये बूर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ हैदराबादेत अधिकारावर आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी राजप्रमुखपदही संपले. १ मे १९६० पासून हा जिल्हा महाराष्ट्रात आहे. येथील शेतसाऱ्याचा हिशेब आता महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे येतो आणि तेथे या जिल्ह्याने निवडून दिलेले आमदार त्याविषयी मंत्र्यांना प्रश्न विचारू शकतात.