एकाच डब्यातल्या गोळ्या

समजा, कुसगावातले एक घर आहे. सुनेला पाचवा महिना, तिच्या लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियमची पाकिटे आशाताईंनी दिलेली. सासूबाईंची थायरॉइडची गोळी आणि गुडघ्यांसाठी कॅल्शियम. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने केस गळतात म्हणून मागवलेले बायोटिन. सगळे एकाच डब्यात. यात विषारी काहीच नाही. पण सकाळच्या चहाबरोबर प्रत्येकीने आपापल्या गोळ्या एकदम घेतल्या, तर त्यातल्या काही वाया जातात.

लोह आणि कॅल्शियमचे बघा. दोन्ही एका वेळी आतड्यात पोहोचले की कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवे येते. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी 180 दिवस दिली जाते, आणि कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज. त्या एकत्र घेऊ नयेत, मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत, अशी सूचनाही त्यातच आहे. पण गोळ्या हातात पडतात तशी ती सूचना प्रत्येकीच्या कानावर पडतेच असे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ‘गोळ्या घेते तरी हिमोग्लोबिन वाढत नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी गोळीची वेळ विचारावी.

सोपा मार्ग असा: कॅल्शियम न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर. लोह रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. चहातले टॅनिन नेमके उलटे करते, म्हणून लोहाच्या आगेमागे तासभर तरी चहा नको. मावळातल्या पावसात हे सांगणे जिवावर येते, पण इलाज नाही. मळमळते म्हणून काहीजणी लोह बंदच करतात. तसे करू नये. झोपताना घेतल्यास त्रास कमी जाणवतो. तरीही झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतात.

सासूबाईंची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम नको आणि लोहही नको. गोळी सकाळी सहाला, तर कॅल्शियम दुपारच्या जेवणात.

खरी भीती आहे ती ड जीवनसत्त्वाची. 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती कुणी रोज घेत राहिले, किंवा कोर्स संपल्यावरही दुकानातून आणत राहिले, तर जास्तीचे ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही; ते चरबीत साठते. रक्तातले कॅल्शियम वाढते. भूक मरते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, माणूस भ्रमल्यासारखा वागू लागतो. मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. त्यात कॅल्शियमच्या गोळीतही ड असते, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असते. म्हणून पाकिटावरचे नाव नव्हे, मागचा घटकांचा तक्ता वाचायचा आणि सारखे घटक जोडून बघायचे.

बायोटिनचा घोळ वेगळाच आहे. शरीराला त्याचा सहसा त्रास नाही, पण ते रक्ततपासणीलाच फसवते. थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडाही खोटा कमी येऊ शकतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारावे.

घरात कुणी रक्त पातळ करण्याचे औषध घेत असेल, तर हळदीच्या अर्काच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. फोडणीतल्या हळदीला हे लागू नाही. दवाखान्यात जाताना सगळ्या पट्ट्या, पुड्या आणि डब्या एका पिशवीत घालून न्याव्यात. ‘ते काही औषध नाही’ म्हणून जी वस्तू घरी राहते, नेमकी तीच डॉक्टरांना बघायची असते.