टायर घेताना नाव नव्हे, मजकूर वाचावा

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी घरात येऊ लागते, आणि तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंत वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी येथील जिनिंगांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, पूर्वी जे काम बैलगाड्यांच्या रांगा करीत असत, ते आता पिकअप गाड्या करतात. ज्या कापसासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधला गेला, त्याची वाहतूक आज सर्वस्वी रबरी टायरांवर येऊन ठेपली आहे. गावातील एखाद्या तरुणाने कर्ज काढून घेतलेली गाडी आज कापूस, उद्या सोयाबीन, परवा सिमेंटची पोती आणि बाजाराच्या दिवशी भाजीपाला वाहते. तिच्यावरच बँकेचा हप्ता, डिझेल आणि घरखर्च ही तिन्ही अवलंबून असल्यामुळे, चारही टायर एकदम बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे मालकापुढे उभा राहणारा प्रश्न क्षुल्लक नसतो.

दुकानात एका बाजूला विख्यात कंपन्यांचे टायर असतात. दुसऱ्या बाजूला, ज्यांचे नाव कधी जाहिरातीत वाचले नाही आणि ज्यांची किंमत ऐकून मन मोहात पडते, असे टायर असतात. स्वस्त टायर म्हणजे अपघाताला आमंत्रण, असे एक जण सांगतो. रबर सगळे सारखेच, पैसा नावाचा लागतो, असे दुसरा सांगतो. या दोन्ही मतांत विचाराचे कष्ट टाळलेले आहेत. अपरिचित नावाचा टायर घेण्यास हरकत नाही. मात्र नावावरच्या विश्वासाने जे काम परभारे होत असे, ते पारखण्याचे काम अशा वेळी खरीददाराने स्वतः केले पाहिजे.

नावाची किंमत

मोठी नावे मोठी म्हणूनच जन्मली नव्हती. एम.आर.एफ. या कंपनीचा आरंभ १९४६ मध्ये मद्रासजवळ लहान मुलांचे फुगे तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्यातून झाला. १९५२ मध्ये ती टायरांवर नव्याने चढवावयाचे रबर करू लागली आणि तिचा पहिला टायर बाहेर पडावयास १९६१ साल उजाडले. त्या वर्षी ज्याने तो विकत घेतला, त्याने अपरिचित नावाचाच टायर घेतला होता. आपल्या मराठवाड्यात वाळूज येथे १९८७ च्या सुमारास टायरनिर्मितीस लागलेल्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजचे ट्रॅक्टरांचे व खाणकामाच्या यंत्रांचे टायर परदेशांत नावारूपास आले, तरी घरच्या मुलखात ते नाव पुष्कळांना उशिरा कळले.

उलट, नाव मोठे असले म्हणजे संकट टळते असेही नाही. सन २००० च्या ऑगस्ट महिन्यात फायरस्टोन या नामांकित कंपनीला अमेरिकेत सुमारे ६५ लक्ष टायर परत बोलवावे लागले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना बसविलेल्या या टायरांचा जमिनीला टेकणारा वरचा पट्टा वेगात, विशेषतः उष्ण प्रदेशांत, सुटून येत असे. त्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे दगावल्याचे तेथील सरकारी चौकशीत नमूद झाले. टायरमध्ये कमी ठेवलेली हवा हेही त्या अनर्थाच्या चर्चिलेल्या कारणांपैकी एक होते. विदर्भातील वाहनधारकांनी ही गोष्ट विसरू नये.

बाजूवरील दस्तऐवज

प्रत्येक टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत जो मजकूर असतो, तो एक रीतसर दस्तऐवजच होय. प्रथम शोधावयाचे ते आयएसआय चिन्ह. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या मोटार-टायरांना, मग ते देशी असोत वा परदेशी, हे चिन्ह बंधनकारक झाले असून व्यापारी वाहनांच्या टायरांसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर घालून पाहिला, तर तो खरा आहे की नाही हे दुकानात उभ्याउभ्या कळते. हे चिन्ह किमान कसोटीची साक्ष देते, श्रेष्ठतेची नव्हे. परंतु ज्या टायरवर तेही नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. १२ जून २०२० रोजी केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त वर्गातून काढून निर्बंधित वर्गात घातल्यापासून परदेशी मालाला परवान्याची अट लागू झाली आहे. तेव्हा असा माल समोर आला, तर चिन्हाची आणि बिलाची खातरजमा अधिकच कसून करावी.

दुसरी गोष्ट भारांकाची. आकारापुढे जी दोन किंवा तीन आकडी संख्या व एक अक्षर असते, त्यांतील संख्या एका टायरने किती भार सोसावा हे सांगते आणि अक्षर वेगाची मर्यादा सांगते. भारांक १०० म्हणजे ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. 'एल' म्हणजे ताशी १२० किलोमीटर, 'क्यू' म्हणजे १६०. आता पिकअपच्या मागील एक्सलवर दोनच टायर असतात. २१५/७५ आर १५ या एकाच आकारात प्रवासी गाडीचा १०० भारांकाचा टायरही मिळतो आणि मालवाहू गाडीसाठी केलेला अधिक भारांकाचा टायरही मिळतो. पहिला घेतला तर मागील दोन चाकांची एकत्रित शक्ती १६०० किलोंवर संपते, आणि त्यात मालाबरोबर गाडीचे स्वतःचे वजनही धरावयाचे असते. आकार जुळला, किंमत उतरली आणि चाक बसले, एवढ्यावर समाधान मानणाऱ्याची फसगत होते ती येथे. मूळ टायरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारांकाहून कमी भारांक कोणत्याही सवलतीसाठी स्वीकारू नये.

तिसरा आकडा 'पीआर' या अक्षरांजवळचा. या आकड्याशी कापसाच्या या जिल्ह्याचे जुने नाते आहे. आरंभीच्या काळी टायरच्या आत बळकटीसाठी सुती दोऱ्यांचे थर घालीत, आणि थर जितके अधिक तितका टायर दणकट समजला जाई. पुढे रेयॉन, नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलाद यांनी सुताची जागा घेतली व थोड्या थरांत तेवढेच बळ येऊ लागले. तरीही मोजण्याचा शिरस्ता कायम राहिला. म्हणून 'आठ पीआर' याचा अर्थ आत आठ थर आहेत असा नसून, आठ सुती थरांइतके बळ आहे असा समजावयाचा.

चौथी गोष्ट जन्मतारखेची. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. '२३२५' असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते, आणि ज्या नावाला गिऱ्हाईक कमी, त्याचा माल दुकानात दीर्घकाळ पडून राहण्याचा संभव अधिक. सबब अपरिचित नावाच्या बाबतीत हे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ऊन, काळी माती आणि हवा

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून ती आधीच कमी भरावी, अशी वहिवाट अनेक ठिकाणी आहे, आणि ती घातक आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्यातून आत उष्णता साठते, आणि भार व वेग यांची भर पडली म्हणजे रबर व दोरे यांची पकड सुटते. हवा सकाळी, टायर गार असताना, पुस्तिकेत दिलेल्या मापाने भरावी. चालून तापलेल्या टायरमधील हवा कधीही काढू नये. क्षमतेपेक्षा अधिक माल भरला तर कोणतेही नाव टायरला वाचवू शकत नाही. शिवाय कायद्याने वीस हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार द्यावे लागतात, ते निराळेच.

नक्षीची निवड वाटेवर अवलंबून असावी. जी गाडी हिंगणघाट–पांढरकवडा महामार्गावरच बहुतांशी धावते, तिला लांबसरळ खाचांची नक्षी पुरते. परंतु जिला पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतापर्यंत जावे लागते, तिच्या मागील चाकांना रुंद, मोकळ्या खाचांची नक्षी हवी, कारण बारीक खाचांत काळी माती चिकटून बसली म्हणजे चाक नुसते जागच्या जागी फिरते. एका एक्सलवर दोन निराळ्या जातींचे टायर बसवू नयेत, आणि खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. कायद्याची मर्यादाही तीच आहे.

हिशेब आणि हमी

स्वस्ताई किमतीवर ठरत नाही, चाललेल्या किलोमीटरवर ठरते. उदाहरणादाखल मानू या की विख्यात टायर आठ हजारांचा असून साठ हजार किलोमीटर चालतो; म्हणजे दर किलोमीटरला सव्वातेरा पैशांहून किंचित अधिक पडले. सहा हजारांचा अपरिचित टायर चाळीस हजारच चालला तर पंधरा पैसे पडले, आणि तो महाग ठरला; तोच अठ्ठेचाळीस हजार चालला तर साडेबारा पैसे पडले, आणि तो स्वस्त ठरला. हा निकाल दुकानदार देऊ शकत नाही. आपल्याच तालुक्यात, आपल्यासारखाच माल वाहणाऱ्या मालकांनी ठेवलेल्या किलोमीटरच्या नोंदी तो देतात.

शेवटची कसोटी हमीची. टायर फुगला किंवा त्याचा पट्टा सुटला, तर तपासणीला येणारा कंपनीचा माणूस यवतमाळपर्यंत पोहोचतो काय, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. जीएसटी बिलावर प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगापुढे तोच कागद उपयोगी पडतो. ज्या अपरिचित कंपनीचा भारांक पुरेसा, चिन्ह खरे, तारीख ताजी आणि विक्रेता जबाबदार, तिचा टायर निःशंकपणे घ्यावा, कारण प्रामाणिक लहान उत्पादकाला बाजारात उभे राहू देण्यात खरीददाराचेही हित आहे. यांतील एकही गोष्ट उणी असेल, तर वाचलेले दोन हजार रुपये चालकाच्या आणि रस्त्यावरील परक्या माणसाच्या जिवावर काढलेले कर्ज होय, आणि ते काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.