रोमच्या चौकांतील गंगा

गेल्या कार्तिकांत आमच्या थोरल्या बंधूंचें काशीयात्रेचें मावंदें झालें. देवापुढें गंगेचा गडू मांडला होता, घर पाहुण्यांनीं भरलें होतें, आणि त्या गर्दींत नुकताच रोमहून परतलेला आमचा पुतण्या तिकडचीं चित्रें सर्वांस दाखवीत होता. एका चित्रापाशीं थांबून तो म्हणाला, "काकू, ही पाहा रोमची गंगा." वहिनींनीं चष्मा सारखा केला, चित्र जवळ घेतलें, आणि त्या उद्गारल्या, "अगबाई, गंगेला दाढी!" पंक्ति बसली तरी हाच विषय चालला होता. आम्हीं ३० वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. पण या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं. मागाहून वाचून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या चौकांत ही मूर्ति आहे त्याचें नांव पियात्सा नावोना. हा चौक लांबट व चिंचोळा असून त्याचें एक टोंक अर्धवर्तुळाकार आहे. याचें कारण असें कीं, इ. स. ८६ च्या सुमारास बादशहा डोमिशियन यानें येथें शर्यती व मर्दानी सामने यांकरितां मोठें क्रीडांगण बांधिलें होतें. त्यांत सुमारें ३०,००० प्रेक्षकांची सोय होती. साम्राज्य लयास गेलें, बैठकींच्या जागीं लोकांनीं घरें उठविलीं, पण मधलें अंगण मोकळें राहिलें. पंधराव्या शतकांत तेथें बाजार भरूं लागला. इ. स. पूर्वीं १९ व्या वर्षीं अग्रिप्पानें रोममध्यें आणलेल्या पाण्याचा नळ १५७० मध्यें दुरुस्त झाला, आणि तें पाणी चौकांत खेळूं लागतांच जाकोमो देल्ला पोर्ता या शिल्पकारानें दोन टोंकांस दोन कारंजीं बांधिलीं.

खरी कथा मधल्या कारंज्याची. १६४४ मध्यें पांफीली घराण्यांतील पुरुष दहावा इनोसंट या नांवानें पोप झाला. त्याच्या घराण्याचा वाडा याच चौकांत. रोमबाहेरच्या एका जुन्या मैदानांत तुकडे होऊन पडलेला शिलास्तंभ आणून तो वाड्यासमोर कारंज्यावर उभा करावा, असें त्याच्या मनानें घेतलें. नामवंत शिल्पकारांकडून नकाशे मागविले. बोलावणें नव्हतें तें बर्निनीला. तो आधींच्या पोपचा लाडका. शिवाय सेंट पीटरच्या मंदिरावर त्यानें चढविलेला घंटेचा मनोरा, भिंतीस तडे गेल्यामुळें, १६४६ मध्यें उतरवावा लागला होता. धनी बदलला कीं आश्रिताची काय अवस्था होते, हें आपल्याकडील शास्त्रीपंडितांना कोणी नव्यानें सांगावयास नको! बर्निनीचा चरित्रकार बाल्दिनुच्ची सांगतो कीं, एका सरदारानें त्याच्याकडून गुपचूप नमुना करवून घेतला व पोपच्या वाटेवरील दालनांत ठेवविला. पोप तो पाहत बराच वेळ खिळून राहिला, आणि म्हणाला कीं, ज्याला बर्निनीचें काम नको असेल त्यानें तें पाहूंच नये.

१६४८ पासून १६५१ पर्यंत काम चाललें. मध्यभागीं खडक, तो आंतून पोखरून चारही बाजूंनीं आरपार उघडा ठेविला आहे, आणि त्या पोकळीच्या डोक्यावर सुमारें ५४ फूट उंचीचा तो स्तंभ. एवढा भार कशावर उभा आहे तेंच पाहणारास कळत नाहीं. स्तंभ दिसावयास मिसरी, परंतु त्यावरील लेख डोमिशियनच्याच काळांत कोरलेला. किर्खर नांवाच्या जेझुइट पंडितानें त्याचा अर्थ लावून १६५० मध्यें ग्रंथहि छापला; शाँपोल्यों यानें १८२२ मध्यें ती लिपि उलगडल्यावर तो अर्थ निव्वळ कल्पित ठरला. तरीहि या किर्खराविषयीं आम्हांस ममत्व वाटतें. त्याच्या १६६७ च्या दुसऱ्या एका ग्रंथांत देवनागरी अक्षरांचीं चित्रपत्रें आहेत. आग्र्यास राहून संस्कृत शिकलेल्या हाइनरिख रोट या पाद्र्याकडून तीं त्यास मिळालीं.

खडकाच्या चार अंगांस चार पुरुष बसविले आहेत. चार खंडांच्या चार नद्या. युरोपची डान्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची ला प्लाता, आणि आशियाची आपली गंगा. नाईलच्या मस्तकावर वस्त्र ओढलेलें आहे, कारण तिचा उगम त्या काळीं युरोपास अज्ञात होता. ला प्लाता हात उंच करून मागें झुकला आहे. समोरचें सेंट आग्नेसचें देऊळ अंगावर पडेल या भीतीनें त्यानें तो हात वर केला, अशी तेथें गंमतीची कथा सांगतात. पण देवळास प्रारंभ १६५२ मध्यें झाला, म्हणजे कारंजें पुरें झाल्यावर! तेव्हां ती कथा सोडून द्यावी.

गंगेची मूर्ति क्लोद पूसँ या फ्रेंच शिल्पकारानें घडविली. लांब दाढी, उघडें पिळदार अंग, आणि हातीं वल्हें. मगर नाहीं, कलश नाहीं. वल्ह्याचा अर्थ एवढाच कीं, ही नदी दूरवर नौकानयनास योग्य आहे. दाढीचें मूळ व्याकरणांत आहे. लॅटिन भाषेंत नद्यांचीं नांवें बहुधा पुल्लिंगी, आणि 'गंगेस' हें नांवहि तसेंच. संस्कृतांतहि नदीबरोबर नद आहेत. शोण व ब्रह्मपुत्र यांस आपण स्त्री म्हणत नाहीं. पण गंगेची गोष्ट निराळी. घारापुरीच्या लेण्यांत गंगाधर शिवाच्या मस्तकावर ती त्रिमुखी स्त्रीरूपानें उतरत आहे. तेथें ती देवता. रोममध्यें एका दूरच्या खंडाची ओळख पटविणारी खूण. तरी पृथ्वीवरील चार नद्या निवडतांना त्या शिल्पकारांस गंगा वगळतां आली नाहीं, याचें आम्हांस समाधान वाटतें.

या समाधानास एक कांटा आहे. तीं वर्षें धान्यटंचाईचीं होतीं आणि खर्च जनतेवरील करांतून चालला होता. आणून टाकलेल्या शिलांवर रात्रींतून चिठ्ठ्या चिकटविल्या जात. आम्हांस स्तंभ व कारंजीं नकोत, भाकर हवी, हा त्यांचा मथितार्थ. चरित्रकार पोपची प्रसन्नता रंगवून सांगतो. पोप पाहावयास आला असतां पाणी अजून तयार नाहीं असें बर्निनीनें सांगितलें, आणि तो जावयास वळतांच मागून एकदम पाण्याचा घोष झाला. आनंदानें आपलें आयुष्य वाढलें असें पोप म्हणाला. आम्हांस मात्र तें वाचतांना त्या चिठ्ठ्याच आठवत राहिल्या. कलेसाठीं उपासमार क्षम्य, असें लिहिण्यास आमची लेखणी धजत नाहीं. आणि कारंजें झालें नसतें तर बरें, असेंहि म्हणवत नाहीं.

पुढें १६५२ पासून दोनशेंहून अधिक वर्षें, ऑगस्ट महिन्यांतील शनिवारीं व रविवारीं पाण्याची मोरी बंद करून चौक पाण्यानें भरीत, आणि श्रीमंतांच्या गाड्या व गरिबांचीं मुलें त्यांतून सारखींच हिंडत. दक्षिणेच्या कारंज्यांत १६५३ च्या सुमारास बर्निनीच्या आराखड्यावरून शिद्दीची मूर्ति बसली. उत्तरेचें कारंजें जवळजवळ ३०० वर्षें मूर्तीवांचून होतें; तेथें १८७८ मध्यें समुद्रदेव नेपच्यून आला. २०११ मध्यें एका माथेफिरूनें दक्षिणेच्या कारंज्याचे मुखवटे फोडले; ते प्रतिकृति होते, मूळचे १८७४ मध्येंच हलविलेले, म्हणून बचावले.

हें सर्व आम्हीं वहिनींस वाचून दाखविलें. व्याकरण त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग वल्ह्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "भावोजी, हा नावाडी आहे हो. गंगा असेल त्याच्या नावेखालीं." चित्र पुतण्यानें त्यांनाच दिलें. तें सध्यां देवघराबाहेरच्या कोनाड्यांत आहे, आंत नाहीं.