कडेचे रोप

डोंबिवलीभोवतीची भातखाचरे आज इमारतींखाली गेली. तरी आपल्यांतील वडीलधाऱ्यांनी भातकापणी पाहिली असेल. समजा, एका मोठ्या शेतात किती भात पिकला, हे सारे शेत न कापता काढावयाचे आहे. मधलाच एक तुकडा आखावयाचा, तेवढाच कापावयाचा, दाणे तोलावयाचे आणि त्यावरून अंदाज बांधावयाचा. यात कठीण ते काय, असे आपण म्हणाल. कठीण आहे ते कडेचे रोप. दोरी त्याच्यावरूनच गेली, तर ते आत धरावयाचे की बाहेर? मनुष्याचा हात आत धरण्याकडेच वळतो. भरलेली लोंबी टाकून देववत नाही!

आता थोडे गणित करू. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले आणि हात चोहीकडे दोन इंच बाहेर गेला. २४ इंचांचे २६ झाले. पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून अंदाज सुमारे १७ टक्क्यांनी फुगला. हीच चूक ३३ फुटी चौरसात झाली, तर फुगवटा अवघा दोन टक्के.

मग लहान तुकडेच शंभराऐवजी हजार घेतले, तर सरासरीत चूक जिरणार नाही काय? आमचीही प्रथम तीच समजूत होती. पण जिरते ती कधी इकडे, कधी तिकडे होणारी चूक. सदा एकाच बाजूला होणारी जिरत नाही. वाण्याचा काटाच खोटा असला, तर हजारदा तोलून काय उपयोग?

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लहान तुकड्यांचा हा दोष प्रत्यक्ष कापणीने दाखविला आणि १९४६ साली ‘नेचर’मध्ये मांडला. वाद महालनोबीसांसारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीशी होता. बंगालचा १९४३ चा दुष्काळ ताजा होता, शहरांत शिधापत्रिका होत्या; कागदावर फुगलेले धान्य कोणाच्या पानात पडत नाही.

पुढे १९५४ साली सुखात्मे व डॉ. पानसे यांनी शेतकी संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तकच लिहिले. कृषी महाविद्यालयांत ते ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखले जाते. त्याचा वाचक गणिती नव्हे. वाणे नि खते यांची पारख करणारा. नवे वाण विहिरीजवळच्या वाफ्यात पेरले आणि जुने खडकाळ कडेला, तर वाढलेले पीक वाणाचे की पाण्याचे? हे पेरणीपूर्वीच, चिठ्ठ्या टाकून वाफे वाटताना मिटवावे लागते. कापणीनंतर ते कोणत्याही सूत्राने सुटत नाही.