अरबी-अध्ययन व वास्तुआरेखन

अरबी भाषा आणि इमारतींचे बांधकाम व आरेखन हे महाविद्यालयीन शिक्षणाच्या दोन भिन्न शाखांतील विषय. पहिला कला शाखेत मोडतो, दुसरा तांत्रिक शिक्षणात. दोहोंचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो; तथापि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील निझामशाही वास्तूंच्या अभ्यासास या दोन्ही विद्यांची एकत्र आवश्यकता असते.

मराठीतील बांधकामविषयक शब्दसंग्रहातच हा संबंध दिसून येतो. इमारत, मजला, नकाशा, हौद, बुरूज हे नित्याचे शब्द मूळ अरबी होत. ते बहुधा फार्सीच्या द्वारे मराठीत आले. मशीद या शब्दाचा मूळ अर्थ साष्टांग नमनाचे स्थान. रौझा म्हणजे अरबीत बाग; दख्खनमध्ये त्याला थडग्याची वास्तू असा अर्थ प्राप्त झाला. त्यामुळे पहिला अहमद निझामशाह याच्या कबरीच्या स्थानास लाभलेल्या ‘बाग रौझा’ या नावात बाग दोनदा आली आहे. ‘हश्त बिहिश्त’ या उद्यानप्रासादाचे नाव मात्र फार्सी असून त्याचा अर्थ ‘आठ स्वर्ग’ असा होतो. प्रासादाचा तलविन्यासही अष्टकोनी आहे. नाव आणि नकाशा यांचा असा मेळ केवळ भाषा जाणणाऱ्याच्या किंवा केवळ मोजमाप घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

अहमद निझामशाहने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केल्यानंतर भिंगारजवळ हे शहर वसविले. येथील उच्च शिक्षणाचा जुना आधार म्हणजे पहिला बुऱ्हाण निझामशाह (कार. १५१०–५३) याच्या काळातील कोटला ही वास्तू. इराणातून आलेला विद्वान शाह ताहिर याच्या प्रभावाने बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला आणि त्याच सुमारास त्या पंथाच्या शिक्षणासाठी कोटला उभारण्यात आला. अशा मदरशांच्या पाठ्यक्रमात अरबी व्याकरण, तर्कशास्त्र व धर्मशास्त्र यांना प्राधान्य असे. भूमितीलाही (अरबी ‘हंदसा’) शास्त्र म्हणून मान होता. अभियंत्यास अरबीत ‘मुहंदिस’ म्हणतात तो याच शब्दावरून. दगड घडविणारा कारागीर मात्र आपली विद्या उस्तादाच्या हाताखाली, कामावरच शिके. ग्रंथविद्या आणि हस्तविद्या यांची फारकत अशी जुनीच आहे. ती आधुनिक महाविद्यालयांनी निर्माण केलेली नाही, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

या फारकतीचा परिणाम कोरीव लेखांच्या वाचनात प्रत्यक्ष दिसतो. अरबी लिपीत ब, त, न, य इ. वर्णांच्या शब्दारंभीच्या व मधल्या आकृती सारख्याच असून केवळ नुक्त्यांच्या संख्येने व स्थानाने त्या वेगळ्या ओळखल्या जातात. सुलुस वळणाच्या गुंफलेल्या अक्षरांत हे नुक्ते जागा मिळेल तेथे बसविलेले असतात, आणि झिजलेल्या दगडावर ते प्रथम नाहीसे होतात. लिपी न जाणणारा आरेखक त्यांना नक्षीतील ठिपके समजून सोडून देण्याचा संभव असतो. ‘सबईन’ (सत्तर) व ‘तिसईन’ (नव्वद) हे शब्द नुक्त्यांवाचून लिहिल्यास जवळजवळ सारखेच दिसतात. हिजरी ९७० म्हणजे इ. स. १५६२-६३, तर हिजरी ९९० म्हणजे १५८२-८३. पहिले वर्ष हुसेन निझामशाहच्या (कार. १५५३–६५) राजवटीत पडते, दुसरे मुर्तझा निझामशाहच्या (कार. १५६५–८८). दोनतीन ठिपके गळाले, तर वास्तूचा कर्ताच बदलतो. हिजरी वर्ष चांद्र असून सौर वर्षापेक्षा सु. ११ दिवसांनी लहान असते, हेही आरेखकास ठाऊक असावे लागते. किल्ल्याजवळील, कोरीव कामासाठी प्रसिद्ध असलेल्या दमडी मशिदीचा काळ ग्रंथांतून १५६७-६८ असा जोडवर्षांत दिलेला आढळतो. हिजरी ९७५ हे वर्ष जुलै १५६७ मध्ये सुरू होऊन जून १५६८ मध्ये संपले.

उलट बाजूने, केवळ भाषाज्ञ अभ्यासक लेखाचा ठसा घेतो, पण तो लेख भिंतीत कोठे व किती उंचीवर आहे, त्याचा दगड मूळचा की मागाहून बसविलेला, हे नोंदवीत नाही. सांध्यांची रेषा, थरांची उंची आणि चुन्याचा प्रकार यांवरून याचा निर्णय करावा लागतो. त्यासाठी तलविन्यास, छेदचित्र व दर्शनचित्र ही मोजमापयुक्त आरेखने हवीत. छायाचित्राने हे काम भागते हा समज चुकीचा आहे. फराहबागेचा १५८३ मध्ये पूर्ण झालेला प्रासाद तलावाच्या मध्यभागी उभा आहे. त्याच्या कोपरे छाटलेल्या तलविन्यासाची कल्पना कोणत्याही एका छायाचित्रातून येत नाही.

आधुनिक काळात मुंबई इलाख्यात अरबी ही अभिजात भाषा म्हणून शिकविली जाई. सर महंमद युसुफ यांच्या ८ लाख रुपयांच्या देणगीतून (१९१४) जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय १९३० मध्ये सुरू झाले, त्यामागे मुस्लिम समाजाच्या उच्च शिक्षणाबरोबरच अरबी-फार्सीच्या अध्ययनाचाही हेतू होता. उच्च माध्यमिक परीक्षेत अरबी हा आजही ऐच्छिक विषय आहे. वास्तुआरेखनाची परंपरा मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची (स्था. १८५७). तेथील प्राध्यापक क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय वास्तूंची मोजून आरेखने करवून घेत. ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सध्या वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची, तंत्रनिकेतनातील पदविका तीन वर्षांची, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील स्थापत्य आरेखकाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. यांपैकी कशातही जुन्या लेखांची लिपी ओळखण्यापुरतीही अरबी आवश्यक मानलेली नाही, तसेच अरबीच्या विद्यार्थ्यास साधा तलविन्यास काढण्याचे शिक्षण मिळत नाही. वस्तुतः अक्षरओळख, अंकवाचक शब्द, हिजरी कालगणना व अब्जद (अक्षरांच्या अंकमूल्यांवरून वर्ष सांगण्याची) पद्धती एवढा भाग एका सत्रात शिकविता येण्याजोगा आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी व फार्सी पुराभिलेखांची शाखा नागपूर येथे आहे. झियाउद्दीन देसाई (१९२५–२००२) यांनी तेथे केलेले लेखवाचनाचे कार्य मान्यताप्राप्त असून, निझामशाही वास्तुकलेवर पुष्कर सोहोनी यांचा स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. विजापूरच्या वास्तूंचा आरेखनांसह ग्रंथ १८६६ मध्येच निघाला होता. त्या तुलनेत अहमदनगरकडे लक्ष बरेच उशिरा गेले. शहराच्या पूर्वेस डोंगरावर असलेल्या सलाबतखानाच्या तीन मजली अष्टकोनी कबरीला लोक अद्यापि ‘चांदबिबीचा महाल’ म्हणूनच ओळखतात.