नंबर नेमका राहतो कुठे?

आजचा विषय तसा साधा आहे. खिशात एक स्मार्टफोन आणि टेबलावर एक टॅब्लेट, असे आता कितीतरी घरांत आणि कारखान्यांत दिसते. फोनमध्ये सातशे-आठशे नावे असतात, नव्या टॅबमध्ये एकही नसते. मग आपण मोबाइलच्या दुकानात जातो आणि सांगतो, "यातले नंबर त्यात टाकून द्या." दुकानातला मुलगा पाच मिनिटे बोटे फिरवतो, नावे दिसू लागतात, आपण पैसे देऊन घरी येतो. त्या पाच मिनिटांत त्याने नेमके काय केले, हे मात्र आपण विचारत नाही. ते का विचारावे, याबद्दल आज बोलू.

त्याने दोनपैकी एक गोष्ट केलेली असते. पहिली म्हणजे नक्कल. आपल्या वहीची झेरॉक्स काढून दुसऱ्या टेबलावर ठेवावी, तशी. त्या क्षणापुरत्या दोन्ही वह्या सारख्या असतात. उद्या मूळ वहीत एखादा नंबर बदलला, तरी झेरॉक्सवर जुनाच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे सिंक. इथे वही एकच असते आणि ती फोनमध्येही नसते, टॅबमध्येही नसते. ती तुमच्या नावाच्या खात्यात, कंपनीच्या संगणकावर असते. फोन आणि टॅब या त्या वहीच्या दोन खिडक्या. एका खिडकीतून लिहिले की दुसरीतून दिसते. आणि एका खिडकीतून खोडले की दुसरीतूनही जाते. या शेवटच्या वाक्याकडे आपले लक्ष नसते. "टॅबवरचे उडवले तर काय झाले, फोनमध्ये आहेतच की," असे म्हणून माणूस टॅब साफ करतो आणि संध्याकाळी फोनही रिकामा दिसतो.

आता आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही गोष्ट जरा जास्तच महत्त्वाची का, ते पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. पुढे टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने भोसरी, चिखली, तळवडे इथे छोट्या शेडची रांग लागली. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन आल्या, आणि ही रांग नाशिक रस्त्याने पुढे सरकली. मोठ्या कंपनीकडे खरेदी खाते असते, संगणकात पुरवठादारांची यादी असते. छोट्या शेडवाल्याचे खरेदी खाते म्हणजे त्याच्या खिशातला फोन. टर्निंग एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, प्लेटिंग तिसऱ्याकडे, आणि माल पोचवायला टेम्पोवाला चौथा. ही सगळी साखळी "पाटील टेम्पो", "शिंदे प्लेटिंग", "वेल्डर नवीन" अशा नावांनी फोनमध्ये बसलेली असते.

पत्ता बदलतो, तेव्हा या नंबरांची किंमत कळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई केली. हजारो शेड, गोदामे, दुकाने पाडली गेली. ती कारवाई योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. पण ज्याची शेड गेली आणि ज्याने दुसरीकडे जागा घेतली, त्याला जुने गिऱ्हाईक परत जोडायला पाटी उपयोगी नव्हती. उपयोगी होता तो नंबरच.

पूर्वी हा नंबर कुठे राहत असे? भारतात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली आणि बरीच वर्षे नंबर ठेवायची जागा म्हणजे सिमकार्ड. त्यात साधारण अडीचशे नावे मावत. एका नावापुढे सहसा एकच नंबर, आणि नावही आखूड. देवनागरीत लिहिले तर आणखी आखूड, कारण सिमकार्डात आपले एक अक्षरचिन्ह रोमन अक्षराच्या दुप्पट जागा घेते. "ज्ञानेश्वर फॅब्रिकेशन" लिहायला जावे तर मध्येच तुटते. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन देण्याची योजना काढली, ती अनेकांना आठवत असेल. त्या सीडीएमए फोनमध्ये सिमच नसे. नंबर राहत ते फोनच्या पोटात, आणि फोन बिघडला की तिथेच अडकत.

जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. तेव्हा बऱ्याच जणांना वाटले की नंबर तोच म्हणजे सगळे तेच. पण कंपनी बदलली की सिम नवे मिळते, आणि जुन्या सिमवरची नावे नव्यात आपोआप येत नाहीत. आजही जुन्या सिमवर नावे ठेवणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. त्यांनी सिम बदलण्याआधी ही नावे बाहेर काढून घ्यावीत.

स्मार्टफोन आल्यावर तिसरी जागा आली, ती खात्याची. अँड्रॉइडवर ते बहुधा गुगलचे असते, आयफोन-आयपॅडवर आयक्लाउडचे. आता हे सिंक चालते कसे ते थोडक्यात सांगतो. खात्यातल्या प्रत्येक नावाला एक आतली ओळखखूण असते आणि त्यात बदल झाला की नोंदीची आवृत्ती बदलते. तुमचा टॅब अधूनमधून खात्याला विचारतो, "मी मागे आलो होतो, त्यानंतर काय बदलले?" खाते तेवढेच सांगते. तीन नावे नवी, एकाचा नंबर बदलला, दोन खोडली. टॅब तेवढाच फरक उतरवून घेतो. गोदामाचा कारकून ऑफिसच्या वहीशी आपली वही रोज ताडून पाहतो, तसेच हे. खोडणे हीदेखील इथे एक नोंदच असते. म्हणून ती इमानाने सगळीकडे पोचते.

यासाठी काही सामाईक नियम ठरलेले आहेत. नाव-नंबर एका फाइलमध्ये लिहायची व्हीकार्ड ही पद्धत १९९० च्या दशकात ठरली. अशा नोंदी सिंक करायचा कार्डडॅव्ह हा नियम २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे आयफोनमध्येही गुगलचे खाते जोडता येते. फोन एका कंपनीचा आणि टॅब दुसऱ्या कंपनीचा असला, म्हणून काही अडत नाही. दोन्हींत खाते एकच हवे, एवढीच अट.

मग एकाच माणसाची तीन-तीन नावे का दिसतात? एक सिमवरचे, एक फोनमधले, एक खात्यातले, म्हणून. शिवाय एकदा नाव मराठीत लिहिलेले, एकदा इंग्रजीत. एकदा नंबरापुढे शून्य, एकदा प्लस एक्क्याण्णव, एकदा काहीच नाही. यंत्राला ही वेगवेगळी माणसे वाटू शकतात. लँडलाइनचा घोळ आणखी वेगळा. भोसरीचा कोड ०२०, चाकणचा ०२१३५ आणि तळेगावचा ०२११४. जुन्या वहीतून कोडशिवाय उतरवलेला नंबर मोबाइलवरून लागणार नाही. म्हणून सगळे नंबर प्लस एक्क्याण्णव लावून, आणि लँडलाइन असेल तर पुढचा शून्य काढून कोडसह लिहावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. खाते कोणाचे? आपल्याकडे नवा फोन घेतला की दुकानदारच एक खाते उघडून देतो. पासवर्ड त्यानेच ठेवलेला, तो कुठेही लिहून ठेवलेला नाही. दोन वर्षांनी दुसरा फोन, दुसरे खाते. नंबर मात्र पहिल्या खात्यात राहिलेले. गुगलने २०२३ मध्ये नियम केला की दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते बंद करून त्यातली माहिती पुसता येईल. म्हणजे ज्या वहीत तुमची आयुष्यभराची नावे आहेत ती वही, तुम्हाला कळायच्या आत, रद्दीत जाऊ शकते. घरातल्या प्रत्येकाने आपले खाते कोणते, त्याचा पासवर्ड काय आणि तो विसरला तर कोणत्या नंबरवर निरोप येणार, हे आजच पाहून ठेवावे.

दुसरी बाजूही आहे. कारखान्याच्या टॅबवर ड्रॉइंग पाहायला मिळावीत म्हणून मालक आपलेच खाते त्यात घालतो. टॅब मशीनशेजारी पडलेला असतो, पाळीप्रमाणे हात बदलतात. त्याच्याबरोबर मालकाच्या बायकोचा, डॉक्टरांचा, गिऱ्हाइकांचा आणि कामावर येणाऱ्या मुलींचाही नंबर हातोहात फिरतो. एखाद्या मुलीने नंबर दिला तो पाळी बदलली तर कळवण्यासाठी, साऱ्या शेडने पाहावा म्हणून नव्हे. कित्येकजण एटीएमचा पिनसुद्धा खोट्या नावाने नंबरांच्या यादीत लपवतात. सिंक झाले की तोही टॅबवर हजर. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या फोनवर कारखान्याचे खाते तसेच राहिले, तर आपली सगळी गिऱ्हाइके त्याच्या खिशात राहतात. म्हणून कारखान्याचे खाते वेगळे आणि घरचे वेगळे असावे. टॅबवर फक्त कारखान्याचे घालावे. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर दोन माणसांसाठी दोन स्वतंत्र वापरकर्ते करता येतात. साध्या आयपॅडवर ती सोय नाही, तिथे आणखी जपावे.

प्रत्यक्ष काम करताना क्रम असा ठेवा. आधी फोनमधल्या सगळ्या नावांची व्हीकार्ड फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. कॉन्टॅक्ट्समध्ये 'एक्स्पोर्ट' म्हणून सोय असते. ही तुमची झेरॉक्स. मग सिम आणि फोनमधली नावे खात्यात हलवा आणि नवे नाव यापुढे खात्यातच जाईल, असे सेटिंगमध्ये ठरवा. फोनवर सिंक चालू करा. संगणकावर तेच खाते उघडून नावे आली का, ते मोजून पाहा. त्यानंतरच टॅबमध्ये ते खाते जोडा आणि कॉन्टॅक्ट्सचे बटण चालू करा. जोड नावे शेवटी एकत्र करा. खात्री करायची असेल तर फोनमध्ये एक खोटे नाव लिहा, टॅबवर आले का पाहा, मग टॅबवरून खोडा आणि फोनवरून गेले का पाहा. सिंक म्हणजे काय, हे या एका प्रयोगात घरातल्या आजीलाही कळेल.

चुकून नावे गेलीच तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. गुगल आणि आयक्लाउड दोन्हीकडे सुमारे ३० दिवसांपर्यंत मागची यादी परत आणता येते. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपवर मात्र विसंबू नका. त्यात तुमचे संदेश असतात, फोनमधल्या नावांची वही नसते. आणि टॅब विकायचा असेल तर नावे एकेक करून खोडत बसू नका. त्यातून खाते काढा आणि मग टॅब पूर्ण रिकामा करा. खाते काढल्याने वही जात नाही, फक्त एक खिडकी बंद होते.

आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. येत्या गुरुवारी अर्धा तास काढा, फोन आणि टॅब शेजारी ठेवा आणि एवढे बघा की नावे कुठे आहेत, खाते कोणाचे आहे आणि ती आणखी कोणाला दिसतात. दुकानदाराला पैसे द्यायला हरकत नाही, पण ही तीन उत्तरे त्याच्याकडून घेऊनच दुकानातून बाहेर पडा.