तीन किलो तांदूळ आणि एक ताटली खिचडी



नेहमी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि किडींबद्दल बोलतो. आज विषय आहे शाळेत दुपारी मिळणाऱ्या जेवणाचा. शेतीखात्याच्या माणसाला याची उठाठेव कशाला, असे वाटेल. पण खुरपणीला किंवा कापूस वेचणीला हात कमी पडले की घरी कोण राहते? बहुतेक वेळा शाळेत जाणारी मुलगीच.

नाव पटावर, पोर रानात

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सुरुवातीला बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नसे. महिन्याची ८० टक्के हजेरी भरली की मुलामागे ३ किलो धान्य घरी न्यायला मिळे. आपल्याकडे तांदूळ मिळायचा. वाटपाच्या दिवशी शाळेपुढे पिशव्या घेऊन रांग लागायची.

अशाच एका वाटपाच्या दिवशी मी एका गावी मुक्कामाला होतो. ज्या मुलीला रांगेत पाहिले, तीच दुसऱ्या दिवशी बापाबरोबर कापूस वेचताना दिसली. विचारले, तर बाप म्हणाला, "साहेब, नाव आहे की पटावर. गुरुजी लावतात हजेरी." गुरुजींना तरी काय बोलणार? गरिबाच्या घरचे तांदूळ तोडायला कुणाचा हात धजेल?

घरी आलेला तांदूळ साऱ्या घराचा झाला. त्यात काही वाईट नाही. पण पोरीला रोज शाळेत आणण्याचे काम त्याच्याने झाले नाही.

चूल शाळेत पेटली

तामिळनाडूत ही गोष्ट आधीच ओळखली होती. तेथे कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेत जेवण सुरू केले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती योजना खूप वाढवली. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले अन्नच द्यावे. मग एकेका राज्यात शाळेत चुली पेटल्या. राजस्थानने २००२ मध्ये घुगरीपासून, म्हणजे गूळ घालून शिजवलेल्या गव्हापासून सुरुवात केली. आपल्याकडे खिचडी आली.

याचा परिणाम काय झाला? अर्थशास्त्राच्या अभ्यासक फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातील खेड्यांत पाहणी केली. कोरडे धान्य बंद होऊन शिजवलेले अन्न सुरू झाले, तेथे खालच्या वर्गांतील मुलींची हजेरी शंभरात १२ हून अधिक वाढली.

आता हिशेब करा. कोरडे धान्य महिन्याला ३ किलो होते. शिजवलेल्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, म्हणजे शाळेचे २४ दिवस धरले तरी २ किलो ४०० ग्रॅम. धान्य कमी लागले आणि मुली जास्त दिवस शाळेत आल्या! कारण उघड आहे. ताटली घरी नेता येत नाही. ज्या दिवशी शाळा बुडाली, त्या दिवशीचे जेवण बुडाले. पूर्वी मधल्या सुट्टीत घरी गेलेली मुले दुपारी परत फिरकत नसत, तीही आता टिकली. आणि खुरपायला गेलेल्या आईला दुपारी पोर उपाशी असेल ही काळजी उरली नाही.

तुमच्या हातात काय आहे?

२०२१ पासून या योजनेचे नाव 'पीएम पोषण' आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. त्यासाठी रोज २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी हवी. म्हणून पुढील गोष्टी जरूर करा.

एक : शाळेत जेवतो म्हणून घरची भाकरी कमी करू नका. ही ताटली घरच्या जेवणाच्या वरची आहे.

दोन : महिन्यातून एकदा आयांनी शाळेत जाऊन खिचडी चाखावी. डाळ दिसते का, भाजी पडते का, हे पाहावे.

तीन : शाळेजवळ पाण्याची सोय असेल तर परसबाग करा. शेवगा, पालक, मेथी, कढीपत्ता यांना जागा फारशी लागत नाही. बी आणि रोपांसाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

चार : ही गोष्ट फार महत्त्वाची. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. आपल्या कपाशीवर फवारले जायचे तेच हे औषध! औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, धान्य ठेवू नका. शाळेला तर मुळीच देऊ नका. भोके पाडून तो निकामी करा.

आणि शेवटचे. येत्या वेचणीला एक हात कमी पडला, तर कापूस चार दिवस उशिरा घरी येईल, पण येईल. चौथीतल्या मुलीचा एक महिना बुडाला, तर तिचा भागाकार कच्चा राहतो आणि पुढच्या वर्षी तिलाच शाळा नकोशी होते. तिच्या वाटची ताटली शाळेत मांडलेली असते. वेचणीच्या दिवसांतही तिला तिथे पाठवा.